आठवड्याला साठ मिली

८ ऑक्टोबर २०२३, रविवार. गाडी धुऊन झाल्यावर बॉनेट उघडलं आणि कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीकडे लक्ष गेलं. पातळी खालच्या रेघेच्याही बोटभर खाली होती. गणपतीत पुण्याला जायच्या आदल्या दिवशी ती मी स्वतः वरच्या रेघेपर्यंत भरली होती, त्यामुळे चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. तीन आठवड्यांत एवढं कूलंट गेलं कुठे? गाडीखाली फरशी कोरडी. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. ऑइलची पट्टी काढून पाहिली, ऑइल नेहमीसारखं, त्यात दुधाळपणा नाही, म्हणजे कूलंट इंजिनाच्या आतही शिरत नसावं. आतल्या गालिच्यावर हात फिरवला, तोही कोरडा. काचेवर आतून तेलकट वाफ धरत नव्हती, म्हणजे हीटरची जाळीही ठीक असावी.

गाडी २००७ सालची, छोटी, पेट्रोलवर चालणारी. आम्ही ती २०१२ मध्ये सेकंडहँड घेतली. २०२२ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत ५,००० रुपये फी भरून रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी वाढवून घेतलं. मी वाईला राहते आणि पाचगणीच्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. रोज सकाळी पसरणी घाट चढायचा, दुपारी उतरायचा. दर पंधरा दिवसांनी पुण्याला आईकडे. महिन्याला साधारण ९०० किलोमीटर होतात. गाडी मला मनापासून आवडते. गिअर कुठे जड जातो, कुठल्या वळणाला दुसरा टाकायचा, हे आता हाताला सांगावं लागत नाही.

त्या दिवशी मी दोन गोष्टी आणल्या. २५० मिलीचं प्लॅस्टिकचं मोजपात्र आणि शंभर पानी वही. वहीत चार रकाने आखले: तारीख, किलोमीटर, मिली, शेरा. दर रविवारी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना, बाटली वरच्या रेघेपर्यंत भरायची आणि किती घातलं ते लिहायचं. गाडी दर वेळी त्याच जागी, त्याच सपाट फरशीवर. गरम इंजिनावर कूलंट फुगतं आणि पातळी वर दिसते, म्हणून वेळ चुकवायची नाही.

पहिल्या आठवड्यात ६०. दुसऱ्यात ६५. तिसऱ्यात पुन्हा ६०. चहाचा एक छोटा कप.

ओळखीच्यांना सांगितलं की प्रत्येकाकडे एक उपाय तयार असायचा. वाईत हळदीची कमी नाही, त्यामुळे पहिला सल्ला हळदीचाच. रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद टाका, फुगून भोक बुजतं. जुने ड्रायव्हर हे करत आलेत आणि बारीक भोक त्यानं काही दिवस बुजतंही, हे खरं आहे. पण हळदीला भोक कुठलं आणि नळी कुठली हे कळत नाही. ती रेडिएटरच्या आणि हीटरच्या अरुंद नळ्यांतही जाऊन बसते. आज ६० मिली वाचवायचे आणि उद्या अख्खा रेडिएटर चोंदलेला पाहायचा, हा व्यवहार मला पटला नाही. हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये तर थर्मोस्टॅटच काढून टाकायला सांगितलं. थर्मोस्टॅट इंजिन तापेपर्यंत पाणी अडवतो आणि मग सोडतो. तो काढला तर इंजिन कायम कोमट राहतं, पेट्रोल जास्त पितं, आणि गळती होती तिथेच राहते.

तिसरा सल्ला सगळ्यात सर्रास मिळायचा: साधं पाणी घालत राहा की. यावर मात्र मी कागद-पेन घेऊन बसले. माझ्या गाडीत सगळं मिळून सुमारे ४ लिटर मावतं. निम्मं इथिलिन ग्लायकॉल, निम्मं पाणी. गळतं ते मिश्रण. त्या जागी नुसतं पाणी घातलं की दर आठवड्याला ग्लायकॉल थोडं पातळ होणार. पुढे आठ महिन्यांत मी एकूण जवळपास २ लिटर ३०० मिली घातलं. ते सगळं साधं पाणी असतं तर ५० टक्क्यांचं ग्लायकॉल २८ टक्क्यांच्या आसपास आलं असतं. त्याबरोबर गंज धरू न देणारी द्रव्यंही तेवढीच पातळ झाली असती. बाटली भरलेली दिसते, रंग हिरवट दिसतो, आणि आत अ‍ॅल्युमिनियम खायला सुरुवात झालेली असते. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती, ते कुठल्याही घरातला गिझर उघडून पाहावं. म्हणून मी बॅटरीचं पाणी मिळतं तसलं क्षारमुक्त पाणी आणि मूळ कूलंट निम्मं-निम्मं मिसळून पाच लिटरच्या कॅनमध्ये ठेवलं आणि टॉप-अप नेहमी त्यातूनच केला. कूलंट आधीच्याच प्रकारचं घेतलं. नुसत्या रंगावर जाऊ नये, कारण एकाच रंगाची दोन कूलंट आतून वेगळ्या रसायनांची असू शकतात.

गळती शोधायची म्हणून पहिल्याच आठवड्यात मी गाडीखाली स्टीलची परात सरकवून ठेवली होती. सकाळी पाहते तर शेजारची मांजर परातीशी वाकून वास घेत होती. परात कोरडीच होती, पण माझ्या पोटात गोळा आला. इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि मांजरीला तर अगदी थोडंसंही पुरतं. पोटात गेल्यावर यकृतात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल बनतं, त्याचे कॅल्शियमबरोबर स्फटिक होतात आणि ते मूत्रपिंडात अडकतात. हे मी वर्गात फळ्यावर लिहिते. आणि माझ्याच अंगणात मी ती परात ठेवली होती! त्या दिवसापासून परात बंद. रात्री पुठ्ठा अंथरायचा, भोवती विटा लावायच्या, आणि उठल्याबरोबर तो उचलून फरशीवर भरपूर पाणी ओतायचं. कॅनही कपाटात, वरच्या फळीवर. ज्यांच्या गाडीखाली हिरवा नाहीतर गुलाबी डाग पडतो त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तो डाग तसाच सोडू नका.

डिसेंबर लागला आणि आकडे वाढले. ११०. १२०. पुन्हा ११०. मला वाटत होतं उन्हाळ्यात गळती वाढेल, थंडीत कमी होईल. गरम झालं की दाब वाढतो, दाब वाढला की गळतं, असा साधा विचार. वही उलटं सांगत होती. किलोमीटर तेवढेच, घाट तोच, आणि कूलंट दुप्पट. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे साडेपाचला पुठ्ठा ओढून काढला तर त्यावर चवलीएवढे दोन हिरवट डाग. हाताला ओले. टॉर्च घेऊन वर पाहिलं. रेडिएटरच्या खालच्या पाइपाला, क्लिपच्या अगदी कडेला, एक थेंब लोंबत होता. मी पाहत असतानाच तो सुटला आणि पुठ्ठ्यावर टप् आवाज झाला. मग गाडी सुरू केली आणि तशीच उभी ठेवली. दहा मिनिटांनी पाइप तापला आणि थेंब थांबला. रुमालानं पुसलं, पुन्हा आला नाही.

तेव्हा उलगडा झाला. रबराचा पाइप जुना, कडक झालेला. थंडीत रबर आणि धातू दोन्ही आकसतात, पण रबर जास्त. क्लिपखाली केसाएवढी फट पडते. तापलं की रबर फुगतं आणि फट बुजते. दिवसा गॅरेजमध्ये नेलेली गाडी गरम असते, त्यामुळे तिथे काहीच दिसत नाही. गळती होते ती पहाटे, आपण झोपेत असताना.

मेस्त्रींनी नवी क्लिप घातली, पाइपाचं टोक अर्धा इंच कापून पुन्हा बसवलं. पुढच्या रविवारी ५५. त्याच्या पुढच्या रविवारी ६०. थंडीची जास्तीची गळती गेली, पण ऑक्टोबरची साठ मिली होती तिथेच होती. म्हणजे गळत्या दोन होत्या. वही नसती तर क्लिप बदलल्यावर मी निर्धास्त झाले असते.

मेस्त्रींनी मग प्रेशर टेस्ट केली. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी घड्याळ लावलेला हातपंप बसवायचा, इंजिन थंड असतानाच आतला दाब वाढवायचा आणि काटा खाली येतो का पाहत थांबायचं. एक बारपर्यंत (बार हे दाब मोजायचं एकक) हवा भरली. दहा मिनिटांत काटा ०.९ वर आला. मेस्त्रींनी डेंटिस्टकडे असतो तसला छोटा आरसा काढला, टॉर्चचा उजेड त्यावर पाडला आणि मला म्हणाले, “मॅडम, इकडून वाकून बघा.” आरशात टायमिंग बेल्टच्या, म्हणजे इंजिनाचे भाग एका तालात फिरवणाऱ्या पट्ट्याच्या, कव्हरखाली पाण्याच्या पंपाचं अंग दिसत होतं, आणि त्याच्या बुडाला एका छोट्या भोकातून खाली उतरलेली पांढरट हिरवी खपली. तव्यावर मिठाचं पाणी आटल्यावर राहते तशी.

ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, हे मला तिथेच समजलं. पंपाच्या दांड्याला एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बेअरिंग, आणि मधे सील. सील झिजलं तर पाणी बेअरिंगमध्ये शिरू नये, बाहेर पडावं आणि मालकाला कळावं, म्हणून दोहोंच्या मधे ते भोक. कुणीतरी इतका पुढचा विचार करून ठेवलेला असतो आणि आपण आरसा घालून पाहीपर्यंत त्याचा पत्ता नसतो. गळणारं कूलंट फरशीपर्यंत पोचतच नव्हतं. गरम लोखंडावर पडायचं, पाणी उडून जायचं, खपली मागे राहायची.

“बदलायचा?” मी विचारलं.

“बदलायचा तर आहेच. पण पंप बेल्टच्या मागं. बेल्ट काढल्याशिवाय हात जात नाही. तुमचा बेल्ट किती किलोमीटरला बदललाय?”

६०,००० ला. पुढचा १,२०,००० ला येणार होता आणि गाडी होती १,१४,९०० वर. आता पंप केला तर बेल्ट काढण्या-घालण्याची मजुरी दोनदा. पाच-सहा महिने थांबलं तर एकदाच. शिवाय फेब्रुवारी-मार्च म्हणजे बारावीच्या प्रॅक्टिकल आणि पेपर, मला गाडीशिवाय दोन दिवसही राहणं अवघड. मेस्त्री म्हणाले, थांबू शकता, पण तीन गोष्टी सांभाळा. गळती वाढली की थांबायचं नाही. बेल्टच्या बाजूनं घरघर किंवा कुई असा आवाज आला तर त्याच दिवशी गाडी आणायची, कारण बेअरिंग गेलं तर पंप अडकेल, बेल्ट तुटेल, आणि इंजिनाचं काम निघेल. आणि तापमानाच्या काट्यावर भरवसा ठेवायचा नाही.

काट्याचं मला नीट ठाऊक नव्हतं. बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम मधेच धरून ठेवलेला असतो. थोडं वरखाली झालं तरी हलत नाही, आणि हलतो तेव्हा पाणी डोक्यावरून गेलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे कूलंट पार संपलं तर सेन्सर हवेत उघडा पडतो आणि काटा खाली येतो. इंजिन भाजतंय आणि काटा थंड दाखवतोय. चढावर काटा एकदम पडला तर आनंद मानायचा नाही, गाडी बाजूला घ्यायची.

त्यात माझा रस्ता घाटाचा. पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि इंजिन चालतं ९० च्या आगेमागे. मधे फक्त पाच-सहा अंश. गाडी उकळत नाही ती दाबामुळे आणि ग्लायकॉलमुळे. झाकण एका बारच्या आसपास दाब धरून ठेवतं, तेवढ्यानं उकळण्याचं तापमान १२० अंशांच्या वर जातं. म्हणजे प्रेशर कुकरच. त्यामुळे मी झाकणही नवं घेतलं, १८० रुपयांचं. जुन्याचं रबर नखानं दाबलं तर खाच तशीच राहत होती. आणि म्हणूनच गरम रेडिएटरचं झाकण कधीही, कितीही घाई असली तरी, उघडायचं नाही. दाब सुटला की आतलं सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. ५५, ५५, ६०, ५०, ५५. मला त्या आकड्यांची सवय झाली. घाटात बुवासाहेबांच्या मंदिराजवळ आले की रेडिओ बंद करून दोन वळणं इंजिन ऐकायचं, हाही नेम झाला. धोम धरणाचं पाणी उजाडताना चकाकत असायचं आणि मी बेल्टचा आवाज ऐकत असायचे. स्वतःसाठी मी एक मर्यादाही आखली होती. आठवड्याला १०० मिली झाले की सरळ गॅरेज.

चूक तिथे झाली. मर्यादा मी आठवड्याला आखली, किलोमीटरला नाही. मे महिन्यात कॉलेजला सुट्टी. घाट बंद, गाडी आठवड्याला जेमतेम १०० किलोमीटर. तरी ७०, ७०, ७५. २६ मेला ९०. शंभराच्या आतच आहे म्हणून मी पान उलटलं. शेजारच्या रकान्यात किलोमीटर लिहिलेले होते, मीच लिहिलेले. हिवाळ्यानंतर २२५ किलोमीटरला ५५ मिली जात होते, आता ११० किलोमीटरला ९०. म्हणजे गळती तिपटीहून जास्त झाली होती. भागाकार करायला दहा सेकंद लागले असते. वर्गात मुलांना मी रोज सांगते, एकक बघा, एकक बघा.

२ जून, रविवार. आईला थोडे दिवस वाईला आणायचं म्हणून पुण्याहून दुपारी निघालो. सकाळी लवकर निघायच्या गडबडीत त्या रविवारचा टॉप-अप राहिला होता. शिरवळ सोडलं, खंबाटकी सुरू झाला आणि गाड्यांची रांग लागली. सुट्टीचा शेवटचा रविवार, पुढे एक कंटेनर बंद पडलेला. पहिल्या गिअरमध्ये दहा फूट, थांबायचं, पुन्हा दहा फूट. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आई म्हणाली, “अगं, कसला गं वास येतोय? पाकासारखा?”

तो वास मी लगेच ओळखला. काटा मधल्या रेघेपासून थोडा वर सरकला होता. एसी बंद केला, चारही काचा खाली, आणि हीटर पूर्ण गरमवर टाकून पंखा जोरात. हीटर म्हणजे एक लहान रेडिएटरच, इंजिनातली उष्णता तो गाडीच्या आत फेकतो. जून महिन्यात पंच्याहत्तर वर्षांच्या बाईच्या तोंडावर गरम वाफारा सोडताना मला रडू येत होतं. आईनं पदर तोंडावर धरला आणि म्हणाली, “माझं सोड, तू गाडी बघ.” काटा थांबला. खामजाई मंदिराजवळ जागा मिळाली तिथे गाडी घेतली.

बॉनेट उघडलं. बाटली रिकामी. झाकणाला हात लावला नाही. आईला देवळाच्या सावलीत बसवलं. एक ट्रकवाला पाण्याचा कॅन घेऊन आला, “ताई, झाकण खोला, पाणी टाकून देतो.” भला माणूस होता. मी त्याला म्हटलं, “दादा, गार होऊ दे, मग टाकू.” तो हसला, कॅन ठेवून गेला आणि अर्ध्या तासानं परत येऊन विचारून गेला. चाळीस मिनिटांनी वरचा पाइप हातानं दाबता येईल इतका निवला. झाकणावर जाडजूड फडकं टाकून ते पाव वळण फिरवलं, फुस्स थांबेपर्यंत वाट पाहिली, मग काढलं. डिकीत बरोबर घेतलेल्या कॅनमधून ७०० मिली गेलं. रांग तोवर हलली होती. घाटमाथा ओलांडला, सुरूर फाट्यावरून हळूहळू वाईला आलो.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. गाडी तेव्हा १,१८,९४० वर होती, ठरवलेल्या आकड्याच्या हजारभर किलोमीटर आधी. पंप, टायमिंग बेल्ट, टेन्शनर, थर्मोस्टॅट, दोन्ही पाइप, नवं कूलंट. मजुरीसकट ८,६५० रुपये. जुना पंप मी मागून घेतला. हातात बऱ्यापैकी जड. पंख्याची पाती अजून शाबूत, कडा बोथट झालेल्या. बुडाच्या भोकाभोवती खपलीचा जाड थर, नखानं खरवडला तर भुकटी झाली. दांडा अंगठ्यानं वरखाली केला तर टक् टक् वाजला, आणि फिरवला तर आत वाळू असल्यासारखा खरखरला. बेअरिंगमधलं ग्रीस तांबूस झालेलं, कूलंट तिथवर पोचलं होतं. मेस्त्री काही बोलले नाहीत. फक्त जुना बेल्ट उलटा करून त्याची कड दाखवली. एका बाजूनं ती कुरतडल्यासारखी झाली होती, दांडा डुलत असल्यामुळे.

पंप आता माझ्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर आहे. बारावीला गंज शिकवताना मुलांच्या हातात देते.

वही चालूच आहे. एक रकाना वाढवला, १०० किलोमीटरला किती मिली. ९ जूनला नव्या कूलंटचेही ६० मिली कमी झाले तेव्हा काळजात धस्स झालं. मेस्त्री म्हणाले, आत अडकलेली हवा निघतेय, पुढच्या आठवड्याला बघा. १६ जून: १० मिली. २३ जून: ०. कॉलेज सुरू झालं, घाटात धुकं उतरलं. ३० जून, २३० किलोमीटर: ०.